त्या मुलाला विचारू का?

प्रिय ताई,

मी आमच्या धर्मग्रामात, म्हणजे आमच्या चर्चच्या हद्दीत, दर रविवारी मुलांचे धर्मशिक्षणाचे वर्ग घेते. सतरा वर्षांचा एक मुलगा माझ्या हाताखाली धाकट्यांचा वर्ग सांभाळतो. अभ्यासात मध्यम आहे. पण वाचताना अडखळणारा एक छोटा आहे, त्याच्याशेजारी तो वर्ग सुटल्यावरही बसून राहतो. त्याचं वाक्य स्वतः पुरं करत नाही, त्याचं त्यालाच करू देतो.

मध्यंतरी शाळा चालवणाऱ्या एका धर्मसंघाचे ब्रदर, म्हणजे धर्मगुरू न होता व्रतं घेऊन संघात राहणारे, येऊन तरुणांना आपल्या संघात येण्याचं आवाहन करून गेले. कुणीही नाव दिलं नाही. तेव्हापासून मला वाटतंय, ह्या मुलाला विचारावं, ब्रदर होण्याचा विचार तुझ्या मनात कधी आला का? पण तो आईचा एकुलता एक. उद्या ती म्हणेल, बाईंनी माझ्या पोराचं डोकं फिरवलं. माझे यजमान म्हणतात, दुसऱ्याच्या घरात कशाला लक्ष घालतेस? लोक म्हणतात, व्हायचंच तर फादर व्हावं, आणि शिकवायचं तर लग्न करूनही शिकवता येतं. शिवाय अशा संस्थांत मुलांवर झालेल्या अत्याचारांच्या बातम्या सगळ्यांनीच वाचल्यात. माझाही मुलगा त्याच वयाचा आहे, तो इंजिनीअरिंगच्या तयारीला लागलाय. मी विचारू की गप्प बसू?

एक धर्मशिक्षिका

प्रिय बाई,

विचारा. एकदाच विचारा, त्याला एकट्याला गाठून विचारा आणि लगेच उत्तर मागू नका.

त्या दिवशी कुणी नाव दिलं नाही ह्याचं मला नवल वाटत नाही. भरल्या सभेत केलेलं आवाहन शेजाऱ्यासाठी आहे असंच प्रत्येकाला वाटतं. आणि सतराव्या वर्षी मित्रांदेखत उठून 'मला ब्रदर व्हायचंय' म्हणणं सोपं नाही, ते धाडस मोठ्यांनाही होत नाही. अशा मुलाला ओळखीच्या, विश्वासाच्या माणसाने बाजूला घेऊन सांगावं लागतं, की मला तुझ्यात हे दिसलं. बायबलमधल्या बालक शमुवेलाला रात्री देवाची हाक ऐकू आली, पण ती कुणाची हे त्याला उमगलं नाही, तीन वेळा तो त्याला सांभाळणाऱ्या याजक एलीकडेच धावत गेला. हाक कुणाची असेल हे म्हाताऱ्या एलीने ओळखलं, काय म्हणायचं ते शिकवलं आणि पोराला परत निजायला पाठवलं. ओ मात्र शमुवेलानेच दिली. तुमचं काम एलीचं, आणि ते तेवढंच आहे.

तुम्हाला काय दिसलं ते तुम्ही पत्रात फार नेमकं लिहिलंय, त्यालाही तेच सांगा. 'तू किती चांगला आहेस, देवाला तुझ्यासारखी मुलं हवीत' असलं काही बोलू नका, त्याने मुलं संकोचून जातात किंवा उगाच फुगतात. तो त्या छोट्याचं वाक्य पुरं होईपर्यंत थांबतो, हे तुम्ही पाहिलंय एवढं त्याला कळू द्या. असं थांबणं शिक्षणशास्त्राची पदवी घेऊनही कित्येकांना जमत नाही.

'अभ्यासात मध्यम' ह्या शब्दांची तर तुम्ही अजिबात काळजी करू नका. मार्सेलिन शांपान्या लहानपणी शाळेत गेला तो पहिल्याच दिवशी शिक्षकाने एका मुलाला मारलेलं पाहून घरी परतला आणि त्या शाळेत पुन्हा गेलाच नाही. पुढे सेमिनरीत, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयातही, अभ्यास त्याला जड गेला. त्याच माणसाने १८१७ साली फ्रान्समधल्या ला व्हाला गावी दोन तरुणांना घेऊन मारिस्ट ब्रदरांचा संघ सुरू केला. १९९९ मध्ये ख्रिस्तसभेने त्याला संत म्हणून घोषित केलं. शाळेत काय होता कामा नये हे त्याला आतून ठाऊक होतं.

आता 'व्हायचंच तर फादर' ह्या बोलण्याविषयी. हे मी इतक्या घरांतून ऐकलंय की त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. फादर म्हणजे धर्मगुरू, ते मिस्सा ही उपासना अर्पण करतात, पापनिवेदन ऐकतात. ब्रदर हे करत नाहीत, पण ते फादर होता होता राहिलेले नसतात. जाँ-बाप्तिस्त द ला साल हा स्वतः धर्मगुरू होता, फ्रान्समधल्या रेम्सच्या कॅथेड्रलमधला, म्हणजे तिथल्या मुख्य चर्चमधला, मानकरी, श्रीमंत घराण्यातला. गरिबांच्या पोरांना शिकवणाऱ्या मास्तरांना तो आधी मदत करू लागला, मग त्याने त्यांना आपल्या टेबलावर जेवायला बसवलं आणि १६८१ मध्ये स्वतःच्या घरात राहायला आणलं. त्यांच्यातूनच पुढे त्याचा ब्रदरांचा संघ उभा राहिला. नातेवाईक चिडले. हे मास्तर आपल्या घरगड्याहूनही खालचे आहेत असं सुरुवातीला त्याचंच मत होतं, हे त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. दोन वर्षांनी त्याने कॅथेड्रलचं पद सोडलं, आणि पाठोपाठ पडलेल्या दुष्काळात आपली संपत्ती उपाशी लोकांच्या पावासाठी वाटून टाकली. पुढे एका ब्रदरला धर्मगुरू करण्याचा त्याचा बेत होता, पण तो ब्रदर अकाली वारला. ला सालने त्यात देवाची इच्छा पाहिली आणि ठरवलं, ह्या संघातला कुणीही धर्मगुरू होणार नाही. ब्रदरने पूर्णपणे शाळेचं व्हावं, ही त्याची धारणा होती. १९५० मध्ये पोप बारावे पायस ह्यांनी ह्याच माणसाला शिक्षकांचा आश्रयदाता संत ठरवलं. तेव्हा 'नुसता ब्रदर' हा शब्दप्रयोग कुणी तुमच्यासमोर केला तर तो खोडून काढा, त्या मुलाच्या कानावर तर तो पडूच देऊ नका.

लग्न करूनही शिकवता येतं, हे मात्र अगदी खरं आहे. उत्तम शिक्षक व्हायला ब्रदर व्हावं लागत नाही. ला सालच्या संघाच्या शाळा आज सुमारे ८० देशांत आहेत आणि त्या मुख्यतः संसारी शिक्षक-शिक्षिकाच चालवतात. १९६० च्या दशकाच्या मध्यावर त्या संघात १६,००० हून अधिक ब्रदर होते, आज ४,००० ही नाहीत. हे आकडे मी तुम्हाला सांगतेय, पण त्या मुलाला पटवायला ते वापरू नका. 'ब्रदर संपत चाललेत, तू तरी जा' हे कारण एखाद्याने आपलं आयुष्य देण्याजोगं नव्हे, आणि अशा कारणाने गेलेला मुलगा तिथे टिकतही नाही.

मग ब्रदर व्हायचं ते कशासाठी? वर्गात ब्रदर आणि इतर शिक्षक ह्यांच्यात फारसा फरक दिसत नाही. फरक वर्ग सुटल्यावर सुरू होतो. ब्रदरला स्वतःचं घर नसतं, तो इतर ब्रदरांसोबत राहतो, त्यांच्याबरोबर सकाळ-संध्याकाळ प्रार्थना करतो. त्याचा पगार सगळ्यांच्या सामाईक पैशात जातो. निर्धनता, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही त्याची व्रतं असतात, आणि आज्ञापालनाचा अर्थ रोजच्या भाषेत असा, की जिथे गरज आहे तिथे पाठवतील तेव्हा जायचं. संसारी माणसाला बदली स्वीकारताना बायकोची नोकरी, मुलांची शाळा बघावी लागते, बघायलाच हवी. ब्रदर मात्र जाऊ शकतो. कुणालाच नको असलेल्या मुलांपर्यंत पोचायला अशी मोकळी माणसं लागतात, आणि ह्या जीवनाची ओढ मुळात ह्या मोकळेपणाची असते. ज्याला ती जाणवते त्याला स्वतःची मुलं नसण्याचं दुःख होत नाही असं नाही. होतं. मधल्या वयात एकटेपणा येतो. न पटणाऱ्या माणसाबरोबर वर्षानुवर्षं एकाच टेबलावर जेवावं लागतं. हेही त्याला सांगा, म्हणजे आपल्यापासून काही लपवलं जात नाहीये असं त्याला वाटेल.

अत्याचारांच्या बातम्यांचं तर अजिबात झाकू नका, त्याने त्या फोनवर वाचलेल्या असणारच. आयर्लंडमध्ये २००९ साली सरकारी चौकशी आयोगाचा अहवाल आला. ख्रिश्चन ब्रदर्ससह अनेक धर्मसंघांनी चालवलेल्या निवासी संस्थांत मुलांना पद्धतशीर मारहाण होत होती आणि मुलग्यांच्या संस्थांत लैंगिक अत्याचार सर्रास चालत होते, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. ख्रिश्चन ब्रदर्सच्या ज्या संघाची सुरुवात एडमंड राइस नावाच्या विधुर व्यापाऱ्याने १८०२ मध्ये गरीब मुलांसाठी केली, त्याच संघाच्या छपराखाली हे घडलं. ह्याला कुठलंही 'पण' जोडू नका. बातमी तुमच्या तोंडून निघाली तर तो तुमच्यावर विश्वास ठेवेल. कुठल्याही संघाशी बोलताना काय विचारायचं ते त्याला शिकवा: मुलांच्या सुरक्षिततेचे तुमचे लेखी नियम दाखवाल का? तक्रार आली तर ती संघाबाहेरचं कुणी तपासतं का? प्रवेशाआधी उमेदवाराची मानसशास्त्रीय तपासणी होते का? ह्या प्रश्नांनी जे चिडतील त्यांच्याकडे त्याने जाऊ नये. त्या अडखळणाऱ्या छोट्यासाठी थांबणारा मुलगा उद्या दुसऱ्या कुणाचा हात मुलांवर उठताना पाहील तेव्हा गप्प बसणार नाही, अशी मला आशा आहे. अशीच माणसं तिथे हवीत.

राहिली त्याची आई. तिची भीती खोटी नाही. एक्वादोरचे संत मिगेल जन्मतः अधू पायांचे. घरच्यांना ते धर्मगुरू झालेले हवे होते, ब्रदर नव्हे. मिसरूड फुटायच्या वयात, १८६८ मध्ये, ते ला सालच्या संघात गेले, तेव्हा वडील फार नाराज झाले. पुढे भाषेचे जाणकार म्हणून त्यांना देशाच्या भाषा अकादमीत जागा मिळाली, तरी धाकट्यांची प्रथम ख्रिस्तशरीराची, म्हणजे फर्स्ट कम्युनियनची, तयारी करून घेणं त्यांनी वर्षानुवर्षं सोडलं नाही. १९८४ मध्ये ते संत झाले. पण ही गोष्ट त्या आईला ऐकवून गप्प करू नका. मुलगा संत झाला तरी त्या बापाला त्या दिवसांत जे वाटलं ते खरंच होतं.

घर त्या मुलाच्या कमाईवर चालणार असेल तर तेही मोकळेपणाने बोललं गेलं पाहिजे. ज्याच्यावाचून आईवडिलांचं खरोखर अडेल अशा मुलाला धर्मसंघात घेणं १९१७ च्या धर्मविधिसंहितेला, म्हणजे ख्रिस्तसभेच्या कायद्याला, मान्य नव्हतं. आजही जबाबदार संघ घरची परिस्थिती विचारतात. म्हाताऱ्या आईला वाऱ्यावर सोडून ये, असं कुठलंही पाचारण, म्हणजे देवाची कुठलीही हाक, सांगत नाही.

आता एक गोष्ट विचारते, रागावू नका. दोन पानी पत्रात तुमच्या मुलाला तुम्ही एक ओळ दिलीत, तीही इंजिनीअरिंगची. त्याला तुम्ही हा प्रश्न कधी विचारलात का? त्याने ब्रदर व्हावं असं माझं म्हणणं नाही, कदाचित त्याचा पिंड त्या जातीचा नसेलही. पण आज रात्री जेवताना तो म्हणाला, 'आई, मला त्या ब्रदरांकडे जायचंय', तर तुमच्या पोटात काय होईल? त्या प्रश्नापाशी थोडं थांबा. आपण सगळे पाचारणांसाठी प्रार्थना करतो आणि मनातल्या मनात ती शेजारच्या घरी पाठवतो. स्वतःच्या मुलाच्या बाबतीत पोटातला तो खड्डा एकदा जाणवला, की त्या दुसऱ्या आईशी तुम्ही वेगळ्या आवाजात बोलाल. तुमच्या यजमानांना वाटणाऱ्या लुडबुडीचाही प्रश्न मग उरणार नाही, कारण जे आपल्या घरात विचारायची तुमची तयारी आहे तेच तुम्ही दुसरीकडे विचारत असाल. माझा आग्रह आहे, आधी स्वतःच्या मुलाशी बोला. निदान एवढं म्हणा, की देवाने तुला कुठेही बोलावलं तरी आम्ही आड येणार नाही. हे म्हणता येत नसेल तर त्या मुलाला विचारणं काही दिवस पुढे ढकला.

त्या मुलाची आई म्हणेल, एकदा गेला की गेला. तसं नसतं, आणि हे तिला कळलं की निम्मी धास्ती उतरेल. सध्याची धर्मविधिसंहिता १९८३ ची आहे. तिच्यानुसार सतरा वर्षं पूर्ण झाल्याशिवाय नॉव्हिशिएटमध्ये, म्हणजे व्रतांआधीच्या प्रशिक्षणात, घेता येत नाही, आणि त्याआधीही उमेदवार म्हणून राहून पाहण्याचा काळ असतो. नॉव्हिशिएट किमान बारा महिन्यांचं. त्या काळात तो कधीही निघून येऊ शकतो. मग तात्पुरती व्रतं, निदान तीन वर्षांसाठी, आणि ती मुदत संपली की तो मोकळा. आयुष्यभराची व्रतं एकवीस वर्षं पूर्ण होण्याआधी घेताच येत नाहीत, प्रत्यक्षात त्याला बराच अधिक काळ लागतो. आणि जबरदस्तीने किंवा मोठी भीती घालून कुणाला आत आणलं तर तो प्रवेशच अवैध ठरतो. शिक्षण पुरं करून मग ये, असं कित्येक संघ स्वतःच सांगतात.

विचारताना वाक्य साधं ठेवा: 'तू मुलांशी ज्या तऱ्हेने वागतोस ते पाहून मला वाटलं, तू ब्रदर होण्याचा विचार करून पाहावास. मला उत्तर नको.' मग विषय बदला. बायबलमध्ये येशूने बोलावलेला धनवान तरुण खिन्न होऊन निघून गेला तेव्हा येशूचं त्याच्यावर प्रेम होतं, तरी येशू त्याच्या मागे धावला नाही. तुम्हीही दर रविवारी त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहू नका.

तो नाही म्हणाला, किंवा काहीच बोलला नाही, तर धाकट्यांचा वर्ग पूर्वीसारखा त्याच्याकडेच राहू द्या आणि पुन्हा हा विषय काढू नका. हो म्हणाला तर आधी त्याने त्या ब्रदरांना जाऊन भेटावं, चार दिवस त्यांच्यात राहून त्यांचं जगणं पाहावं. मग आईशी बोलावं, आणि ते त्याचं त्याने बोलावं. त्या वेळी त्याने तुम्हाला सोबत बोलावलं तरच जा.

तुमची,
ताई