बाळ पूर्ण वेळ आईजवळच राहावं म्हणून रुग्णालयाला आधी काय विचारून ठेवावं?

तुम्ही विचारलंय की प्रसूतीनंतर बाळाला नर्सरीत न नेता तुमच्याजवळच ठेवता येईल का, आणि सिझेरियन झालं तर काय. दोन्ही वेळा ठेवता येतं. पण "बाळ आईजवळ ठेवता ना?" असं मोघम विचारू नका, कारण त्याला सगळीकडे "हो" असंच उत्तर मिळतं. बाळ दूर जातं ते थोडं थोडं करून: वजनाला, आंघोळीला, तपासणीला, लसीला, मग "तुम्ही जरा झोपा, आम्ही बघतो" म्हणून. पाच मिनिटांसाठी नेलेलं बाळ दोन तासांनी परत येतं. म्हणून यातलं प्रत्येक काम कुठे करता आणि ते आईच्या खाटेशीच होईल का, हे वेगवेगळं विचारा.

पहिला तास सगळ्यात मोलाचा. बाळ जन्मल्याबरोबर पुसून कोरडं करायचं, आईच्या उघड्या छातीवर पालथं ठेवायचं, डोक्याला टोपडं आणि पाठीवर कोरडं दुपटं घालायचं. पुसलेलं ओलं दुपटं तिथेच राहिलं तर छातीवर असूनही बाळ गार पडतं, मग "तापमान उतरलं" म्हणून वॉर्मरखाली (बाळाला ऊब देणाऱ्या यंत्राखाली) जातं. ही चूक फार होते. श्वास, रंग, ठोके हे छातीवरच तपासता येतं. वजन आणि व्हिटॅमिन केचं इंजेक्शन (रक्तस्राव टाळण्यासाठी देतात ते) तासाभराने चालतं, आंघोळ तर 24 तासांनंतरच घालावी. या तासात बाळ आधी शांत पडून राहतं, मग हात तोंडाशी नेतं, ओठ चाटतं, पायांनी रेटत स्तनाकडे सरकतं. मधेच उचललं की ही घडी विस्कटते, आणि पुन्हा छातीशी आणेपर्यंत बाळ बहुधा झोपलेलं असतं.

सुरक्षेची एक गोष्ट मात्र सोडू नका. आई जरा रेललेली असावी, बाळाचा चेहरा दिसत राहावा, नाक मोकळं, मान सरळ. पहिले दोन तास कोणीतरी जागं माणूस बाळाच्या रंगाकडे आणि श्वासाकडे बघत बसलेलं हवं. औषधांनी आईला ग्लानी येते आणि हनुवटी छातीला टेकलेल्या बाळाचा श्वास आवाज न होता अडू शकतो. असं क्वचित होतं, पण झालं तर जिवावर बेततं.

सिझेरियन पाठीतल्या इंजेक्शनवर होत असेल तर टाके घालत असतानाच बाळ छातीच्या वरच्या भागावर आडवं ठेवता येतं. त्यासाठी भूलतज्ज्ञांशी आधी बोला: ईसीजीच्या पट्ट्या खांद्याकडे किंवा पाठीवर लावाव्यात, सलाईन कमी वापराच्या हाताला, दोन्ही हात मोकळे. आईला मळमळ किंवा हुडहुडी भरली तर तेवढा वेळ बाळ वडिलांच्या छातीवर. खरी अडचण पहिल्या रात्री येते. आईला उठून बाळ उचलता येत नाही, सिस्टर कमी असतात, आणि तिथेच नर्सरीचा विषय निघतो. म्हणून रात्री जागणारं एक माणूस आधीच ठरवून ठेवा. बाळ उचलून द्यायचं, लंगोट बदलायचे, आईला कुशीवर वळवून पाठीशी उशी लावायची आणि पाजून झालं की बाळ पाळण्यात उताणं ठेवायचं, एवढंच त्याचं काम. अरुंद खाटेवर बाळ छातीवर घेऊन आईने झोपू नये. बाळ नर्सरीत गेल्याने आईची झोप वाढते असंही अभ्यासांत दिसलेलं नाही. झोप मोडते ती भेटायला येणाऱ्यांनी.

जवळ ठेवण्याचा मुख्य फायदा म्हणजे भुकेची खूण वेळेवर दिसते. रडणं ही त्यातली शेवटची खूण. नर्सरीत तीच तेवढी ऐकू येते, आणि रडून लाल झालेलं बाळ स्तन नीट धरत नाही. 24 तासांत 8 ते 12 वेळा पाजावं लागतं. चीक, म्हणजे पहिलं घट्ट दूध, एका वेळी थोडाच येतो, नवजात बाळाला तेवढा पुरतो. दुसऱ्या रात्री बाळ सारखं छातीला लागतं. त्यावरून "दूध पुरत नाही" असा निष्कर्ष काढून बाटली आणली जाते, म्हणून अंदाजावर न जाता मोजा. पहिल्या दिवशी एकदा तरी शू, दुसऱ्या दिवशी दोनदा, पाचव्या दिवसानंतर सहा वेळा. काळी शी पाचव्या दिवसापर्यंत पिवळी. सुरुवातीला वजन 7 टक्क्यांपर्यंत उतरणं नेहमीचं. त्याहून जास्त उतरलं तर पाजताना कोणा जाणकाराला बघायला सांगा, 10 टक्क्यांच्या वर गेलं तर डॉक्टरांनी बाळ लगेच तपासावं. प्रसूतीत आईला भरपूर सलाईन दिलं असेल तर जन्मवजनात ते पाणीही धरलं जातं, त्यामुळे पहिल्या दिवसाची घट खरीपेक्षा मोठी दिसते.

रुग्णालय काचकूच करू लागलं तर जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या स्तनपानाच्या दहा पायऱ्या दाखवा. 1989 पासून त्यात दिवसरात्र एकत्र ठेवणं आहे, 2018 च्या सुधारित रूपातही ते कायम आहे.

बाळ कमी वजनाचं असेल तरी लगेच हार मानू नका. 2021 साली पाच देशांतल्या चाचणीचे निष्कर्ष आले: 1 ते 1.8 किलोच्या बाळांना जन्मल्यापासूनच, तब्येत स्थिरावण्याची वाट न बघता, आईच्या छातीशी ठेवल्यावर पहिल्या 28 दिवसांतले मृत्यू सुमारे चौथ्या हिश्श्याने कमी झाले. काविळीचा दिवाही बऱ्याचदा आईच्या खाटेशेजारी लावता येतो. खरंच अतिदक्षता विभागात न्यावं लागलं, तर पहिल्या तासा-दोन तासांतच हाताने चीक काढायला सुरुवात करा, दिवसातून निदान आठ वेळा, रात्रीही. निघेल तेवढे थेंब स्वच्छ सिरिंजमध्ये ओढून, वर आईचं नाव आणि वेळ लिहून, बाळाकडे पाठवा.