बंदुकीचा कायदा आणि वस्तीची जबाबदारी

प्रश्न : अमेरिकेतील गोळीबारांच्या बातम्या वाचून मन सुन्न होते. कायदा कडक केल्याने हे थांबेल, की लोकांनीही काही करायला हवे?

उत्तर : कायद्याने फरक पडतो, हे आधी स्पष्ट सांगितले पाहिजे. ऑस्ट्रेलियात १९९६ साली पोर्ट आर्थर येथे एका बंदूकधाऱ्याने ३५ जणांचा जीव घेतला, तेव्हा अवघ्या १२ दिवसांत केंद्र आणि राज्यांनी एकमताने अर्धस्वयंचलित (गोळी सुटताच पुढची आपोआप भरणाऱ्या) बंदुकांवर कडक निर्बंध घालण्याचे, तसेच परवान्यासाठी सबळ कारण सक्तीचे करण्याचे ठरवले आणि पुढे सुमारे साडेसहा लाख बंदुका मोबदला देऊन परत घेतल्या.

अमेरिकेत शस्त्राचा हक्क राज्यघटनेतच असल्याने एवढी मजल मारणे कठीण आहे. तरीही धोकादायक मनःस्थितीतील माणसाची बंदूक न्यायालयाच्या आदेशाने काही काळ काढून घेण्याची तरतूद अनेक राज्यांत आहे. मात्र त्यासाठी बहुधा घरच्यांनाच वेळीच तोंड उघडावे लागते. तिथे बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात, हे फारसे कुणी लक्षात घेत नाही. बंदूक रिकामी करून कुलपात आणि काडतुसे दुसरीकडे ठेवली, तर तो एक भयंकर क्षण टळू शकतो.

वस्तीचे काम याहून नाजूक आहे. शिकागोत साथरोगतज्ज्ञ गॅरी स्लटकिन यांनी वस्तीतले गोळीबार रोखण्यासाठी २००० साली सुरू केलेल्या उपक्रमात पुढे वस्तीतलीच, कधीकाळी टोळ्यांत वावरलेली माणसे मध्यस्थ झाली. असा मध्यस्थ रुग्णालयात जखमी तरुणाच्या खाटेशी बसतो आणि बाहेर सूडाच्या भाषेत बोलणाऱ्या मित्रांना ती रात्र घरी घालवायला राजी करतो.