लीगच्या शर्यतीत एक घरचा सामना हरला की फुटबॉलचे चाहते जग बुडाल्यासारखे का वागतात?

तुम्ही प्रश्नात तुमच्या रूममेटचं उदाहरण दिलंय. १४ एप्रिल २०२४ ला इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये लंडनचं आर्सेनल स्वतःच्या मैदानावर ॲस्टन व्हिलाकडून ०-२ हरलं, त्या रात्री पोरगा जेवला नाही आणि दुसऱ्या दिवशी कुणाशी धड बोलला नाही. तुमचं म्हणणं असं की संघ फक्त दोन गुणांनी मागे होता, सहा सामने बाकी होते, मग एवढं सुतक कशाला? मी स्वतः आर्सेनलवाला, त्यामुळे तटस्थ उत्तराची अपेक्षा ठेवू नका. हिशोब मात्र खरा देतो.

कारण हे दुखणं बरंचसं हिशोबाचंच आहे. जिंकलं की तीन गुण, बरोबरीला एक, आणि शेवटी ज्याचे गुण जास्त त्याची लीग. मार्च संपला की शर्यतीतल्या संघाचा चाहता उरलेलं वेळापत्रक काढून बसतो. कुणी वहीत, कुणी फोनवर, कुणी ऑफिसच्या एक्सेलमध्ये. टॉटनहॅमच्या मैदानावर एक गुण मिळाला तरी चालेल, मँचेस्टर युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्डला बघू, असं करत तो प्रत्येक ओळीसमोर आकडा टाकतो. घरच्या सामन्यांपाशी मात्र पेन थांबत नाही, तीन-तीन-तीन लिहून मोकळा. पगार जमा व्हायच्या आधीच हप्ते ठरवून टाकावेत तसं. बाहेर हरलं तर मिळालं नाही एवढंच वाटतं. घरी हरलं की खिशातून गेल्यासारखं वाटतं, आणि रागही तसाच येतो.

आता तुमचा ‘फक्त दोन गुण’. समोर दुसरा कुठला संघ असता तर मीही तेच म्हटलं असतं. समोर मँचेस्टर सिटी होती. २०१८-१९ मध्ये सिटीने शेवटचे १४ सामने सलग जिंकले आणि लिव्हरपूल ९७ गुण मिळवूनही दुसरं आलं. २०२१-२२ मध्ये पुन्हा तेच, ९३ विरुद्ध ९२. त्यापुढच्या हंगामात आमचा नंबर लागला: आर्सेनल २४८ दिवस टेबलात वर होतं, सिटीने वसंत येताच सलग १२ सामने जिंकले, आणि मे महिन्यात ब्रायटनने आमच्याच मैदानावर येऊन ३-० ने आमचा निकाल लावला. हे सगळं पाहिलेल्या माणसाला सिटी एप्रिलमध्ये दोन गुणांनी पुढे गेली, म्हणजे काय झालं हे वेगळं समजवावं लागत नाही. त्यात तोवर आर्सेनलने शेवटची लीग जिंकली होती ती २००३-०४ मध्ये, एकही सामना न हरता. त्या संघाच्या गोष्टी ऐकत वाढलेली पोरं आता नोकरीला लागली, इतका काळ गेला होता.

त्या रविवारची मांडणी तर आणखीच वाईट होती. शनिवारी सिटीने लूटनला ५-१ ने धुतलं आणि ७३ गुणांवर जाऊन बसली. रविवारी आपल्याकडच्या साडेसहाला शर्यतीतला तिसरा संघ लिव्हरपूल आणि क्रिस्टल पॅलेस यांचा सामना सुरू झाला. लिव्हरपूलने ऑक्टोबर २०२२ पासून घरच्या ॲनफिल्डवर लीगचा सामना हरलेला नव्हता. चौदाव्या मिनिटाला पॅलेसच्या एझेने गोल केला. पुढे लिव्हरपूलने संधी नुसत्या उधळल्या, नून्येझ काय, कर्टिस जोन्स काय, एकालाही पॅलेसचा कीपर हेंडरसनला चकवता आलं नाही. सामना ०-१ संपला तेव्हा आमच्या ग्रुपवर दिवाळी होती. आता फक्त व्हिलाला हरवायचं, की ७४ गुणांसह पुन्हा वर. तुमचा रूममेट नऊच्या सामन्याला बसला तेव्हा त्याच्या डोक्यात हे असणार. नुसता हरलेला माणूस आणि अर्ध्या तासापूर्वी हसत असलेला हरलेला माणूस, यांत फरक आहे.

बाहेर आंबेडकर जयंतीची मिरवणूक चालली होती, आमच्या फ्लॅटच्या खिडक्या थरथरत होत्या, आणि टीव्हीचा आवाज कितीही वाढवला तरी कॉमेंट्री ऐकू येत नव्हती. पहिल्या अर्धात कॉमेंट्रीची गरजही नव्हती, आर्सेनलच खेळत होतं. साकाचा क्रॉस आला, ट्रोसार्ड गोलसमोर मोकळा, आणि एमी मार्टिनेझने तो अडवला. मार्टिनेझ म्हणजे आमच्याकडे दहा वर्षं काढून २०२० मध्ये गेलेला कीपर. बाकावर व्हिलाचे प्रशिक्षक होते उनाई एमेरी, ज्यांना आर्सेनलने नोव्हेंबर २०१९ मध्ये काढलं होतं. आणि त्यांच्याकडून पुढे खेळत होता वॉटकिन्स, जो लहानपणी आर्सेनलचा चाहता होता. नशिबाला टोमणा मारायचाच असेल तर इतका बारीक विचार करून मारू नये.

मध्यंतरानंतर एमेरींच्या पोरांनी चेंडू पायात ठेवायला सुरुवात केली, खेळाचा वेगच मोडला. टीलेमान्सचा एक फटका गोलच्या चौकटीवर आदळून परत आला तेव्हाच पोटात गोळा आला होता. ८४ व्या मिनिटाला दिन्येचा क्रॉस सगळ्यांसमोरून सरकत गेला आणि मागच्या खांबापाशी बेलीने तो आत ढकलला. तीन मिनिटांनी वॉटकिन्स एकटा सुटला आणि त्याने आमचा कीपर रायाच्या डोक्यावरून चेंडू उचलला. साठ हजारांचं आमचं मैदान, एमिरेट्स. दुसऱ्या गोलनंतर लोक उठून निघालेले टीव्हीवर दिसत होते. तिकिटाला एवढे पैसे मोजून दहा मिनिटं थांबवत नाही म्हणून त्यांना नावं ठेवणारे पुष्कळ निघाले. मी नाही ठेवणार. लंडनच्या मेट्रोत, ट्यूबमध्ये, गर्दी व्हायच्या आधी तोंड लपवून घरी जावंसं वाटणं मला अगदी कळतं.

मग सुरू होतो चाहत्यांचा पुढचा खेळ, दोषी शोधण्याचा. त्या रात्री तो मान आमचा बचावपटू झिन्चेन्कोला मिळाला. कुणी म्हणालं मंगळवारी चॅम्पियन्स लीगमध्ये, म्हणजे युरोपातल्या बड्या क्लबांच्या स्पर्धेत, जर्मनीच्या बायर्नशी खेळून पोरं थकली होती. हे मला त्याच वेळी पटलं नव्हतं, कारण व्हिला गुरुवारी लीलशी युरोपातला सामना खेळून आलं होतं, म्हणजे आमच्यापेक्षा दोन दिवस कमी विश्रांती. कुणी प्रशिक्षक आर्टेटांचे बदल चुकले म्हणाले. आणि बाकी सगळ्या क्लबांचे चाहते एका सुरात: बॉटल केलं, म्हणजे ऐन वेळी कच खाल्ली, नेहमीप्रमाणे.

इथे मात्र मी भांडणार. २०२४ च्या जानेवारीपासून हंगाम संपेपर्यंत आर्सेनल लीगचे १८ सामने खेळलं. त्यातले १६ जिंकलं, एक सिटीच्या घरी बरोबरीत सोडवला, आणि एकच हरलं, हा. व्हिलानंतरचे सहाच्या सहा जिंकले: वुल्व्हज, चेल्सीवर ५-०, टॉटनहॅमच्या घरी ३-२, बॉर्नमथ, ओल्ड ट्रॅफर्डवर १-०, शेवटी एव्हर्टन. याला कुणी घाबरट म्हणत असेल तर त्याने शूर संघ कसा असतो ते दाखवावं.

आणि आता तुमच्या ‘अजून सहा सामने होते’ला माझं उत्तर. सिटीनेही सहाच्या सहा जिंकले. १४ एप्रिलच्या रात्री टेबल होतं ७३ आणि ७१. १९ मेच्या संध्याकाळी ते होतं ९१ आणि ८९. पाच आठवड्यांत अंतर एका गुणाने हललं नाही. त्या रात्री व्हिलाशी बरोबरी झाली असती तरी भागलं नसतं, ९० वर थांबलो असतो. जिंकणंच भाग होतं. म्हणजे तुमच्या रूममेटने जेवण टाकलं तेव्हा तो अतिरेक करत होता असं तुम्हाला वाटलं, पण लीग खरोखर त्याच रात्री गेली होती. फक्त ते कागदावर उतरायला पाच आठवडे लागले.

क्रिकेटवर वाढलेल्या आपल्यासारख्यांना हे पटकन पटत नाही, कारण आपल्याला फायनलची सवय आहे. गंमत बघा, त्याच संध्याकाळी वानखेडेवर मुंबईही घरच्या मैदानावर हरली होती, चेन्नईकडून २० धावांनी. धोनीने शेवटच्या षटकात हार्दिकला सलग तीन षटकार मारून चार चेंडूंत २० काढले, रोहितचं नाबाद शतक वाया गेलं. आणि घरच्या संघाला पडणाऱ्या त्या षटकारांवर वानखेडे नाचत होतं! एमिरेट्समध्ये व्हिलाच्या गोलवर आमच्यातला कुणी असा उठला असता तर त्याचं काय झालं असतं याचा विचार करवत नाही. आयपीएलमध्ये एप्रिलमधला पराभव भरून काढता येतो. चौथ्या नंबरवर घुसा, मग तीन सामने नीट खेळा, ट्रॉफी तुमची. प्रीमियर लीगला प्लेऑफ नाही, फायनल नाही. ३८ सामन्यांपैकी कुठल्याही साध्यासुध्या रविवारी ट्रॉफी जाऊ शकते आणि त्या दिवशी कुणी तसं जाहीर करत नाही.

आमच्या कोल्हापुरात तर घरचं मैदान ही भानगडच नाही. पेठांचे संघ, पाटाकडील असो, दिलबहार असो, शिवाजी तरुण मंडळ नाहीतर खंडोबा, सगळे शाहू स्टेडियमवरच खेळणार. दोघांचंही घर तेच. त्यामुळे तिथे ‘घरात येऊन मारलं’ असं होत नाही, पण मार खाल्ला की तो घरी न्यावा लागतो, कारण समोरची पेठ दोन गल्ल्या सोडून असते आणि सकाळी कट्ट्यावर बसायचं असतं. पुण्यात नोकरीला आलो तेव्हा आर्सेनलसाठी रडणारी पोरं बघून मला आधी हसू यायचं. सात हजार किलोमीटरवरच्या क्लबचं यांना काय? आता यांच्यातलाच झालोय.

घरचा पराभव सगळ्यांना सारखा लागतो असंही नाही. लिव्हरपूलवाले त्याच दिवशी हरले, पण त्यांचं दुःख निराळं होतं. त्यांचे प्रशिक्षक क्लॉपने जानेवारीतच जाहीर केलं होतं की हा शेवटचा हंगाम, त्यामुळे त्यांना लीग गेल्यापेक्षा निरोपाची मजा गेल्याचं जास्त लागलं. पुढे एव्हर्टनकडून हरले, वेस्ट हॅमशी बरोबरी केली आणि ८२ गुणांवर तिसरे आले. हळूहळू गेलं, त्यामुळे कदाचित सोसलंही गेलं.

आमचे शेजारी आणि जुने वैरी टॉटनहॅम, त्यांचं प्रकरण तर पुस्तकात लिहावं असं. १४ मे २०२४ ला सिटी त्यांच्या मैदानावर खेळायला आली. टॉटनहॅमने गुण घेतले तर आर्सेनलची लीग जवळ येणार, हरले तर त्यांची स्वतःची चॅम्पियन्स लीगची जागा व्हिलाला जाणार. सिटीच्या हालांडने गोल केला आणि त्यांचेच लोक आर्सेनलला डिवचणारी गाणी म्हणायला लागले. घरचा पराभव, वर चॅम्पियन्स लीग हातची गेली, आणि स्टँडमध्ये आनंद. त्यांचे प्रशिक्षक पोस्टेकोग्लू इतके भडकले की क्लबचा पायाच ठिसूळ आहे असं उघड बोलून गेले. मी त्या रात्री आयुष्यात पहिल्यांदा टॉटनहॅमला पाठिंबा देत होतो. टॉटनहॅमचा सोन एकटा सिटीचा कीपर ऑर्टेगासमोर गेला, ऑर्टेगाने पायाने अडवला, आणि माझी ती वाईट सवय तिथेच सुटली.

पुढच्या वर्षी, फेब्रुवारी २०२५ मध्ये, आर्सेनल पुन्हा घरी हरलं, वेस्ट हॅमकडून ०-१, बोवेनचा गोल. त्या वेळी आमच्या ग्रुपवर जवळपास शांतता होती. साका, हावर्ट्झ, जेझुस, मार्टिनेली सगळे जायबंदी, मिडफिल्डर मेरिनोला पुढे उभं करून चालवत होते, आणि लिव्हरपूल आधीच आठ गुणांनी पुढे. वहीत तीन लिहिणारे हात त्याआधीच थांबले होते. म्हणून तुमच्या रूममेटची २०२४ ची रात्र आणि ही रात्र, दोन्ही आठवून बघा. या दुसऱ्या वेळी तो बहुतेक जेवला असेल.

तुम्ही शेवटी विचारलंय की अशा वेळी त्याला काय म्हणावं. ‘खेळ आहे रे, सोड’ हे म्हणू नका, त्याने तुमच्यावरच चिडायला निमित्त मिळतं. ‘अजून सहा सामने आहेत’ हे त्याहून वाईट, कारण ते सहा सामने कुणाकुणाशी आहेत हे त्याला पाठ असतं, सिटीचेसुद्धा. ताट झाकून ठेवा आणि झोपा. बायर्नचा सामना तीनच दिवसांवर होता, तोवर तो आपोआप बोलायला लागला असणार. तोही हरलो म्हणा, पण ते बाहेर होतं.