अमेरिकेत कायरोप्रॅक्टरसाठी किती पैसे धरायचे?

तुमचा प्रश्न असा: कंबरदुखी जुनी आहे, ठाण्यात फिजिओथेरपी चालू आहे, एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर न्यू जर्सीला जायचंय, तिथल्या सहकाऱ्यांनी कायरोप्रॅक्टर (हातांनी मणक्यावर उपचार करणारा) सुचवलाय. तर महिन्याला किती डॉलर बाजूला ठेवायचे?

महिन्याचा आकडा कायरोप्रॅक्टरच्या दरापेक्षा तुम्ही कोणता विमा निवडता यावर जास्त ठरतो. रुजू झाल्यावर विमा निवडायला बहुतेक कंपन्या साधारण ३० दिवस देतात. ती मुदत गेली, की लग्न, मूल असं काही घडल्याशिवाय वर्षभर बदल नाही. म्हणून ऑफर लेटर आल्या आल्या एचआरकडून प्रत्येक प्लॅनचं ‘समरी ऑफ बेनिफिट्स अँड कव्हरेज’ (विम्यात काय मिळतं, काय नाही याचा गोषवारा) मागवा. पहिल्या पानावर शोधत बसू नका. शेवटाकडे ‘न मिळणाऱ्या सेवा’ आणि ‘मिळणाऱ्या इतर सेवा’ अशा दोन चौकटी असतात. कायरोप्रॅक्टिक केअर यांपैकी कुठल्या चौकटीत आहे ते बघा. दुसऱ्या चौकटीत असेल, तर वर्षाला किती व्हिजिट्स याची मर्यादाही बहुधा तिथेच असते. दुखणं जुनं आहे म्हणून नोकरीतला विमा ते नाकारू शकत नाही, ती काळजी सोडा.

मग विमा कंपनीला फोन करून विचारा: व्हिजिटला ठरलेला कोपे (दर वेळी तुम्ही द्यायची ठरावीक रक्कम) आहे, की आधी डिडक्टिबल (विमा पैसे देऊ लागण्याआधी वर्षात तुम्ही स्वतः भरायची रक्कम) संपवावं लागतं? पूर्वपरवानगी लागते का? फिजिकल थेरपी (तिथली फिजिओथेरपी) आणि कायरोप्रॅक्टर यांची मर्यादा एकत्र मोजतात का? शेवटचा प्रश्न तुमच्यासाठी फार महत्त्वाचा आहे, कारण तुम्हाला दोन्ही लागू शकतं.

आता हिशेब. आठ व्हिजिट्स धरा; त्या जितक्या महिन्यांत होतील त्यानं भागलं, की महिन्याचा आकडा मिळेल. विमा न वापरता पहिली व्हिजिट तपासणीसकट १४० डॉलर आणि पुढच्या सात ६५ प्रमाणे धरल्या, तर ५९५. कोपे ३५ असेल तर २८०. डिडक्टिबल मोठं असलेला प्लॅन घेतलात आणि नेटवर्कमधला (विमा कंपनीशी करार असलेल्या क्लिनिकचा) ठरलेला दर पहिल्यांदा ११०, नंतर ५० असला, तर ४६०. हे ४६० सगळे खिशातून जातात, पण डिडक्टिबलमध्ये जमा होतात. शिवाय अशा प्लॅनसोबत बहुधा एचएसए हे उपचारखर्चासाठीचं बचत खातं मिळतं आणि पगारातून त्यात टाकलेल्या पैशावर केंद्राचा कर लागत नाही. २२ टक्क्यांच्या टप्प्यात असाल, तर सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरची कपात धरून ४६० डॉलर साधारण ३२५ ला पडतात. न्यू जर्सी राज्याच्या करात मात्र ही सूट नाही. एफएसए (उपचारखर्चासाठी पगारातून करमुक्त पैसे ठेवायचं दुसरं खातं) घेतलंत तर बेतानं भरा, कारण वर्षअखेरीस उरलेले पैसे बुडू शकतात. हे आकडे हिशेबापुरते आहेत. क्लिनिकचे खरे दर फोनवर विचारून त्यांच्या जागी घाला.

बिल फुगतं ते कोडमुळे, म्हणजे बिलावर प्रत्येक उपचाराला लावलेल्या नंबरामुळे. मणक्याचे पाच भाग मानतात: मान, पाठ, कंबर, त्रिकास्थी आणि श्रोणी. एक-दोन भागांवर हातानं उपचार केला तर ९८९४०, तीन-चार भागांना ९८९४१, पाचही भागांना ९८९४२. दुखतंय फक्त कंबर आणि दर वेळी ९८९४२ लागत असेल, तर का ते विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. विजेचा शेक, ट्रॅक्शन, व्यायाम यांचे कोड वेगळे, पैसेही वेगळे. कोपे ३५ असूनही घरी १२० चं बिल येतं ते बहुतेक वेळा एक्स-रे किंवा तपासणी डिडक्टिबलमध्ये गेल्यामुळे. टेबलावर झोपण्याआधीच सांगा: ‘आज काय काय करणार आणि प्रत्येकाचे किती, ते लिहून द्या.’

एक्स-रेबद्दल ठाम राहा. धोक्याची लक्षणं (काही शेवटी दिली आहेत) नसतील, तर नव्या कंबरदुखीत पहिले सहा आठवडे एक्स-रे काढू नये, असं कायरोप्रॅक्टर्सच्या अमेरिकन संघटनेनंच सांगितलंय. भारतातला एमआरआय झाला असेल, तर नुसता रिपोर्ट नको, फोटोंची सीडी किंवा पेन ड्राइव्हही बॅगेत टाका.

सगळ्यात जास्त पैसे जातात आगाऊ पॅकेजमध्ये. काही ठिकाणी पहिल्याच दिवशी ‘४० व्हिजिट्सचे एकदम भरा, सवलत देतो’ असं सांगतात. सही करू नका. सहा ते आठ व्हिजिट्समध्ये बसणं, चालणं, झोप यांत ठळक फरक पडला नाही, तर उपचार बदलायचा. पॅकेज मध्येच सोडलं, तर झालेल्या व्हिजिट्सचे पैसे बहुधा सवलतीशिवायच्या पूर्ण दरानं कापतात आणि हातात फारसं काही परत येत नाही. शिवाय दुखणं थांबल्यावरच्या ‘मेन्टेनन्स’ला विमा बहुधा पैसे देत नाही.

विमा न वापरता जाणार असाल, तर अपॉइंटमेंट किमान तीन कामाचे दिवस आधी घ्या आणि ‘गुड फेथ एस्टिमेट’ (खर्चाचा अंदाज) लेखी मागा. १ जानेवारी २०२२ पासून तो देणं बंधनकारक आहे. बिल त्या अंदाजापेक्षा ४०० डॉलर किंवा त्याहून जास्त आलं, तर बिलाच्या तारखेपासून १२० दिवसांत सरकारकडे वाद नेता येतो.

तुमच्या जागी असतो तर आधी फिजिकल थेरपिस्ट गाठला असता. ठाण्यातले व्यायाम तिथून पुढे चालू राहतात आणि विम्यातही ते सहसा बसतं. डॉक्टरची चिठ्ठी नसली तरी जाता येतं, फक्त विमा कंपनीला ती लागते का हे विचारून घ्या. आणि पायातली ताकद कमी होणं, जांघेत बधिरपणा, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं यातलं काहीही झालं, तर कायरोप्रॅक्टर नाही, थेरपिस्ट नाही, थेट इमर्जन्सी रूम. त्या दिवशी नेटवर्कचा विचार करत थांबू नका, इमर्जन्सीला विमा नेटवर्कबाहेरच्या हॉस्पिटलातही नेटवर्कमधल्यासारखाच लागू होतो.