आमच्या केसमधला जन्मठेपेचा कैदी पॅरोलवर बाहेर आलाय का, हे ऑनलाइन कुठे कळतं?

ऑनलाइन कळत नाही. नाव टाकलं की कैदी कुठल्या तुरुंगात आहे, सध्या रजेवर आहे का, हे कोणालाही दाखवणारी यादी आपल्याकडे नाही. न्यायालयांच्या ई-कोर्ट वेबसाइटवर निकाल मिळेल, अपील कुठवर आलंय तेही मिळेल. पण शिक्षा लागल्यावर माणूस आत आहे की बाहेर, हे आपणहून कोणी सांगत नाही. ज्यांच्या घरचं माणूस गेलं त्यांनाही नाही.

आम्हाला दूध डेअरीवर कळलं. बांधाच्या भांडणात माझ्या वडिलांचा खून झाला, करणारा भावकीतलाच. जन्मठेप लागली तेव्हा केस संपली असंच आम्ही धरून चाललो. काही वर्षांनी आई संध्याकाळचं दूध घालायला गेली, तर रांगेत तो उभा. हातात किटली, अंगावर नवा सदरा, शेजारच्याशी दुधाच्या दराबद्दल बोलत होता. आई दूध न घालताच परत आली. किटली दारात ठेवली आणि "तो आलाय" एवढंच म्हणाली. धाकटा भाऊ नुकताच उसातून घरी आला होता. त्याने कोयता उचलला आणि निघाला. शेजारच्या चौघांनी त्याला अंगणातच धरला, म्हणून आज तो बायकापोरांत आहे. नाहीतर तोही आत गेला असता.

दुसऱ्या दिवशी मी पोलीस ठाण्यात गेले. रजेवरच्या कैद्यांचं हजेरीचं रजिस्टर टेबलावरच उघडं होतं. त्याचं नाव, खाली तारखा, प्रत्येक तारखेपुढे त्याची सही. आम्हाला कळायच्या आधीपासून तो येऊन सही करून जात होता. पॅरोलच्या अर्जावर चौकशीही रीतसर झाली होती. पोलीस पाटलांना विचारलं, जामीन राहणाऱ्या मेव्हण्याचा जबाब घेतला, राहायचा पत्ता बघितला. आमच्या दारात मात्र कोणी आलं नाही. तुरुंगाकडे माहिती अधिकारात अर्ज केला, तर कलम 8(1)(जे) दाखवून नकार आला: त्रयस्थाची वैयक्तिक माहिती. हे मला आजही मान्य नाही. माझ्या वडिलांना मारणारा बाहेर कधी येतो ही त्याची एकट्याची बाब नाही. आणि 2023 च्या डेटा संरक्षण कायद्याने हेच कलम आणखी आवळलंय, त्यामुळे नुसत्या आरटीआयवर विसंबू नका.

थोरले मामा तेव्हापासून म्हणतात, "सुटला तर सुटला, कशाला चौकशा? वैर वाढतं." मी म्हणते, वैर न कळल्यामुळे वाढतं. आदल्या आठवड्यात कळलं असतं तर भावाला आम्ही पुण्याला मावशीकडे धाडलं असतं. पुढच्या वेळी तेच केलं. तो कैदी फर्लोवर (शिक्षेत ठरावीक काळाने मिळणाऱ्या रजेवर) यायच्या आधी हवालदार घरी येऊन आईचा जबाब घेऊन गेले, कारण आम्ही आधीच अर्ज देऊन ठेवला होता. भाऊ तेवढे दिवस पुण्याला राहिला आणि काहीही घडलं नाही. मामांकडे याला उत्तर नाही, तरी ते मानत नाहीत.

अमेरिकेतल्या केंटकीत 1993 मध्ये मेरी बायरन या मुलीला तिच्या एकविसाव्या वाढदिवशी तिच्या आधीच्या मित्राने गोळ्या घातल्या. तो जामिनावर सुटलाय हे तिला कोणी कळवलंच नव्हतं. त्यानंतर तिथे पीडितांना सुटकेची खबर फोनवर देणारी यंत्रणा उभी राहिली. आपल्याकडे अॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम 15अ मध्ये पीडिताला जामीन, सुटका, पॅरोल यावर म्हणणं मांडायचा हक्क दिलाय. तुमची केस त्या कायद्याखालची असेल तर हा हक्क ठणकावून मागा. बाकीच्या खुनांतल्या घरांना पॅरोलवर बोलायचा असा हक्क कायद्यात का लिहिलेला नाही, हे मला कळत नाही.

तुम्ही हे करा. निकालाची प्रत आणि सीएनआर नंबर (ई-कोर्टवरचा केसचा ओळख क्रमांक) जोडून तुरुंग अधीक्षकांना आणि कैद्याचं गाव ज्या ठाण्याच्या हद्दीत येतं त्या ठाण्याला लेखी अर्ज द्या. पॅरोल किंवा फर्लोची चौकशी आली की आमचाही जबाब घ्या आणि रजा मंजूर झाली की कळवा, एवढंच त्यात लिहा. ठाण्यातून आवक शिक्का घ्या, तुरुंगाला रजिस्टर पोस्टाने पोचपावतीसह पाठवा. दुसरं, मुंबई उच्च न्यायालयाच्या वेबसाइटवर त्याच्या नावाने फौजदारी रिट याचिका शोधा. रजा नाकारली की बरेच कैदी तिथे जातात आणि आदेशात सगळा इतिहास सापडतो.

कैद्याने घरी येऊच नये असं माझं म्हणणं नाही. पॅरोल-फर्लोच्या नियमांनी रजेची सोय दिली आहे, त्यालाही आई आहे. तुम्ही कैद्याचे नातेवाईक असाल तर रस्ता वेगळा: ई-मुलाकात या तुरुंगभेटीच्या सरकारी वेबसाइटवर भेटीची नोंदणी करा, आणि त्याच्या जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर आरटीआयला 48 तासांत उत्तर द्यावं लागतं, तसं अर्जात स्पष्ट लिहा. भाडेकरू किंवा सोयरिकीच्या मुलाची कुंडली काढायला विचारत असाल तर यातलं काही वापरू नका. शिक्षा भोगून आलेल्याच्या मागे गाव लावायला मी हे लिहिलेलं नाही.

घरातलं कोणी "कशाला उकरून काढता" म्हणालं, तर त्यांना न विचारता अर्ज द्या.