गाण्यासाठी एकटीने घराबाहेर राहायचं का?

प्रश्न : मी ठाण्यात चरईत राहते, वय ४४, सहा वर्षं शास्त्रीय गाणं शिकतेय. घरी सासूबाई, मुलगा दहावीत, भिंतीपलीकडे शेजारी, त्यामुळे पहाटे मोकळ्या आवाजात खर्ज, म्हणजे अगदी खालचे सूर, लावताच येत नाही. मुरबाडला नणंदेचं घर रिकामं असतं, तिथे एकटीने राहून चाळीस दिवसांचा चिल्ला, म्हणजे एकांतात सलग रियाज, करावा असं फार मनात आहे. घरचे म्हणतात हे काय खूळ! जाऊ का? रोज किती तास गाऊ?

उत्तर : ताई, जरूर जा, पण चाळीस दिवस नको, पाच दिवस जा. चिल्ल्याची रीत तबलजींमध्ये जास्त दिसते, आणि हाताचं वेगळं, गळ्याचं वेगळं, गळा जास्त ताणला तर दुसऱ्या दिवशी बसतोच. प्रत्यक्ष गाणं दिवसाला अडीच तास पुरे, तेही तुकड्यातुकड्याने, आवाज खरखरला की थांबायचं. तुमच्या गाण्याच्या बाईंना मात्र आधी विचारा.

राग एकच, यमन. आणि मोबाइलवरचा तानपुरा नको, खरा न्या, पहिला दिवस तो जुळवण्यातच गेला तरी चालेल. आधी पंचमाची तार जुळवा, मग मधल्या जोडीच्या तारा, शेवटी पितळेची खर्जाची, म्हणजे खालच्या 'सा'ची. तार सुरात असूनही आवाज मिटलेला वाटला तर घोडीवरचा (तारा टेकतात त्या पट्टीवरचा) सुती दोरा तारेखाली केसभर पुढेमागे सरकवत राहा, एका जागी तार एकदम उघडते आणि खर्जाच्या तारेतून गंधार, म्हणजे 'ग', आपोआप ऐकू यायला लागतो. हा गंधार पेटीच्या गंधारापेक्षा किंचित उतरलेला असतो, इतकी वर्षं पेटीवर गायलेल्या कानाला तो पहिल्यांदा चुकीचाच वाटेल. तोच धरा. घरी पंखा, कुकर, रिक्षांचे हॉर्न यात तो सापडणंच कठीण, माझ्या मते तिकडे जायचं ते याचसाठी.

दुपारी गाऊ नका, ऐका. कुमार गंधर्व १९४८ मध्ये क्षयामुळे माळव्यातल्या देवासला गेले, काही वर्षं गाणं बंद होतं, पण माळव्याची लोकगीतं कानावर पडत राहिली आणि ती पुढे त्यांच्या गाण्यात आली.

मुलाची परीक्षा झाली की निघा. पावसाळा टाळा, दमट हवेत तानपुरा सारखा बिघडतो. आणि कल्याणहून एसटीत तो नेऊ नका हो, भोपळ्याला धक्का बसतो, थेट गाडीच करा.