कंडक्टिंगच्या, म्हणजे वाद्यवृंद संचालनाच्या, कार्यशाळेला पहिल्यांदाच जाताय?

पोडियमवर (कंडक्टरच्या चौथऱ्यावर) उभं राहायला मोजकीच मिनिटं मिळतात, म्हणून खरी तयारी घरीच करा. रेकॉर्डिंग लावून हातवारे करू नका; त्याने वाद्यवृंदाच्या मागे जायची सवय लागते. स्कोअर, म्हणजे सगळ्या वाद्यांचं एकत्र स्वरलेखन, गाऊन वाचा. बी-फ्लॅट क्लॅरिनेट लिहिल्यापेक्षा एक पूर्ण स्वर खाली वाजतो, एफ हॉर्न पंचमाइतका खाली. हे डोक्यात नसेल तर चुकलेला सूर ऐकू येऊनही सुधारता येत नाही.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो सुरुवातीच्या इशाऱ्यात. बेथोवनच्या पाचव्या सिंफनीचा पहिला ठोका म्हणजे चक्क विराम. तिथे हात वर नेताना रेंगाळलात, की व्हायोलिनं विस्कळीत येणारच. हात ज्या वेगाने वर जातो तीच वादकांसाठी लय, आणि त्याच लयीत तुमचाही श्वास हवा. कॉयरपुढे (गायकवृंदापुढे) तर श्वासाशिवाय काही चालत नाही. डावा हात उजव्याची नक्कल करत असेल, तर तो पाठीमागे धरून आठवडाभर सराव करा.

वाद्यवृंदाला मध्येच थांबवलंत तर भाषण नको: "बार 24 (स्कोअरमधला चोविसावा कप्पा), सेकंड व्हायोलिन, हळू आवाजात." बस्स.

आणि नरिमन पॉइंटला एनसीपीए या कलाकेंद्रात सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया वाजवते तेव्हा कडेची खुर्ची घ्या. मधून कंडक्टरची फक्त पाठ दिसते.